पारव्याची निवड

आमच्या घरात लेकरांपेक्षा ठराव जास्त वाढले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं संगोपनही आमच्यापेक्षा बरं झालं. बाबा गोवंश संघाचे अध्यक्ष होते. संघ म्हणजे मालेगाव आणि रिठदच्या भागातल्या गाई-बैल राखणाऱ्या शेतकऱ्यांची मंडळी. आपल्याकडची पांढऱ्या अंगाची, काळ्या नाकाची काटक गावरान जात संकराच्या नादात बुडू नये म्हणून एकत्र आलेली. हेतू चांगला होता. चांगल्या हेतूच्या माणसांचा मी तेव्हापासून धसका घेतला आहे. वाईट हेतूच्या माणसाशी भांडता तरी येतं. बाबांशी भांडायला गेलं की ते शांतपणे म्हणायचे, "तुहं म्हननं लेखी दे. पुढच्या बैठकीत घेऊ." मी बारावीत होते आणि मला कॉलेजच्या सहलीला जायचं होतं, एवढंच माझं म्हणणं होतं.

संघाला कचेरी नव्हती, आमची ओसरी होती. बैठक आठची म्हटली की दहाला सुरू व्हायची, पण पहिला माणूस सातलाच येऊन बसायचा, कारण त्याच्या गावाहून एसटी तेवढीच. मग त्याला चहा. दुसरा आला की दोघांना चहा. दारात चपलांचा ढीग, अडकित्त्याचा कट्कट् आवाज, कोणाचं तरी खाकरणं, मागच्या कोठ्यातून गाईच्या गळ्यातली घंटी, आणि या सगळ्यावर बाबांचं "सभेची परवानगी असेल तर". सभेने परवानगी कधी दिली नाही आणि कधी नाकारलीही नाही. सभेचं लक्ष माजघरातून येणाऱ्या भज्यांकडे असायचं. कांद्याचे, मेथीचे, मिरचीचे, ज्या दिवशी घरात जे असेल त्याचे भजे आई तळायची. बारावीच्या वर्षात मी पुस्तकाची पानं उलटली त्याहून जास्त कांदे चिरले, आणि निकालात ते दिसलंही.

कामकाजात आधी बातम्या असायच्या. अमक्याची गाय व्याली, कालवड झाली, अभिनंदनाचा ठराव. तमक्याची जोडी जत्रेत पहिली आली, अभिनंदनाचा ठराव. एकदा संघाचा म्हातारा वळू मेला तर दुखवट्याचा ठराव झाला आणि सगळे धोतर सावरत उभे राहिले, दोन मिनिटं शांतता. आईच्या हातात झारा, कढईत भजे, आणि बाबांनी माजघराकडे डोळे वटारून खूण केली की तिथेही शांतता पाहिजे. तेल तर काही सभासद नव्हतं. भजे काळे झाले. सगळ्यांनी ते खाल्ले, आणि देवरावकाका, म्हणजे आमचे शेजारी आणि संघाचे सगळ्यात जुने सभासद, बोट चाटत म्हणाले, "वहिनी, आज जराशे जास्तच तळले गेले." आईने परात अशी ठेवली की ओसरीवरची कबुतरं उडाली.

आता संघ फोनमध्ये आहे. भाच्याने मला ग्रुपमध्ये घातलंय आणि बाहेर कसं पडायचं ते तो सांगत नाही. पहाटेपासून फुलांचे फोटो, वळूंचे फोटो, वळूशेजारी फेटा बांधून उभ्या असलेल्या पदाधिकाऱ्यांचे फोटो. खाली सत्तर जण हात जोडतात. सत्कार नेमका कोणाचा, हे विचारलं तर कोणी सांगत नाही. मी एकदा विचारून बघितलं, तर मलाही हात जोडून दाखवले.

आई रिठदची. लग्नानंतर तिच्या वडिलांनी, नारायणरावांनी, आपल्या दावणीची एक गाय तिच्याबरोबर पाठवली होती. त्या गाईची लेक, तिची लेक, अशी ती वेल आमच्या कोठ्यात वाढली. पुढे आईचे आईवडील गेले, भावांनी वाटण्या केल्या, जनावरं विकली, घर पाडून स्लॅब टाकला. आई रिठदला जाऊन आली की दोन दिवस गप्प असायची, कारण तिथे हात लावून ओळखीचं वाटावं असं काही उरलेलं नव्हतं. तिचं माहेर आमच्या कोठ्यात उभं होतं आणि ती ते उघड बोलून दाखवायची. हरणी ही त्या वेलीतली शेवटची गाय. सकाळी तिला शिळी भाकर चारताना आई रिठदच्या माणसांची खबरबात तिला नावानिशी सांगायची, कोणाचं लग्न जमलं, कोण आजारी आहे. हरणी कान हलवायची. बाबा तेवढंही करत नसत.

हरणीची एकुलती कालवड पान लागून, म्हणजे साप चावून, गेली होती. त्यानंतर हरणीला झाला तो गोऱ्हा. जन्मला तेव्हा त्याच्या अंगावर पारव्याच्या पिसांसारखी राखाडी झाक होती, म्हणून त्याचं नाव पारवा. पुढे तो पांढराशुभ्र झाला, पण नाव तेच राहिलं. हरणी आता थकली होती, पुन्हा गाभण राहणार नव्हती. म्हणजे आईच्या वडिलांच्या दावणीतलं रक्त पुढे जायचं असेल तर ते पारव्यातूनच. तो वळू झाला तर गावोगावच्या कोठ्यांत ते पसरणार होतं, नाही तर संपणार होतं.

आणि इथे संघाचा नियम आडवा आला. सभासदाने आपल्या मर्जीने वळू राखायचा नाही. वयात आलेल्या गोऱ्ह्यांतून संघ एक निवडणार, तो सगळ्यांचा वळू. बाकीच्यांना चिमटा लावून बैल करायचं. चिमटा म्हणजे लोखंडी सांडशीसारखं अवजार, त्याने नस दाबली की रक्त येत नाही, जखम होत नाही, पण त्या जनावराची पिढी तिथेच थांबते. नियम बाबांनीच केला होता. जगातले सगळे नियम आमच्या घरूनच जातात असं मला लहानपणी वाटायचं.

त्या वर्षी पाच-सहा गोऱ्हे होते, पण खरी चुरस पारवा आणि देवरावकाकांचा गोऱ्हा यांच्यात. बैठक भरली. शेपटीच्या गोंड्यावर तासभर चर्चा झाली. शिंगाचं वळण, वशिंड, खुराचा रंग, चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात पडतो की नाही, सगळं झालं. मतं समसमान पडली. आता अध्यक्षांनी मत द्यायचं आणि विषय मिटवायचा, एवढंच राहिलं होतं. बाबा म्हणाले, "गोऱ्हा माह्या घरचा हाये. मले मत देता येत नाही." दुसरी बैठक झाली. पुन्हा तोच गोंडा, पुन्हा समसमान, पुन्हा बाबांचं तेच.

मालेगावचे सत्तारभाई बैलांचे व्यापारी आणि संघाचे उपाध्यक्ष. ओसरीवर मनातलं बोलणारा तेवढा एकच माणूस. त्यांनी टोपी काढून मांडीवर आपटली. "गोविंदभाऊ, तुमी मानूस हायेत का तराजू? तुमच्या गोऱ्ह्यासारखा गोऱ्हा म्या बजारात पाह्यला नाही. देऊन टाका मत, अन् किस्सा खतम करा."

"लोक काय म्हनतील, सत्तारभाई?"

"लोक काईच म्हनून नाही राह्यले. लोकाईले घरी जाचं हाये."

पण बाबा ढिम्म. रात्री जेवताना आईने भाकर ताटात टाकली, वाढली नाही, टाकली. "तुमच्या घरचा हाये हाच त्याचा गुन्हा हाये काय? देवराव भाऊजीनं आपल्या गोऱ्ह्याले मत देल्लंच ना?"

"ते सभासद हायेत. मी अध्यक्ष हावो."

"मंग अध्यक्षाच्या कोठ्यात जल्मून पारव्यानं चूकच केली म्हना."

बाबांनी ठेचा मागून घेतला. त्यांना तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि आपल्याला उगाच वाटायचं की माणूस हलला.

तिसऱ्या बैठकीत ठराव झाला की बाहेरचा जाणकार बोलवायचा. पोहरादेवीकडच्या एका तांड्यावरचे हिरासिंग नाईक म्हणून होते, जनावराची पारख करणारे. आणि बाबांनी त्या एका साध्या गोष्टीवर नियमांची अशी रास रचली की तिच्याखाली शेवटी आम्हीच सापडलो. सगळे गोऱ्हे मारुतीमागच्या संघाच्या कोठ्यात बांधायचे. नाईकांना कोणता कोणाचा ते सांगायचं नाही. जो निवडला जाईल तो तसाच ठेवायचा, बाकीच्यांच्या शिंगांना गेरूचा पट्टा ओढायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, शेतीकाम बंद असतं, तेव्हा मालेगावचा चिमटेवाला येईल आणि गेरू पाहून काम करेल. त्याला मालकाचं नाव कळायला नको, मालकांनी तिथे फिरकायलाही नको. आणि निकाल पोळ्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत वाचला जाईपर्यंत पंचकमिटीने, म्हणजे बाबा, सत्तारभाई आणि आणखी दोघांनी, निकालाबद्दल किंवा गेरूच्या खुणेबद्दल कोणापाशी तोंड उघडायचं नाही. घरी बायकोपाशीसुद्धा नाही. हे शेवटचं वाक्य बाबांनी मुद्दाम घातलं होतं, असं सत्तारभाईंनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

नाईक आले. आमच्याकडे जेवले, कढी दोनदा मागून घेतली, आईला बहीण म्हणाले, आणि कोठ्यात जाऊन त्यांनी पारव्याच्या पाठीवर थाप मारली. निवड झाली. ती बाबांना त्याच संध्याकाळी कळली. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, जेवले, आणि रेडिओवर बाजारभाव ऐकला.

मला त्या दिवसांचा आजही संताप येतो. आई त्यांच्या तोंडाकडे बघायची. भाजी वाढताना बघायची, पाण्याचा तांब्या देताना बघायची. विचारायची नाही, कारण विचारलं तर काय उत्तर येईल ते तिला पाठ होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळून त्यांना आवतण द्यायचं असतं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं बाबा बैलांच्या कानात इतक्या मायेने म्हणायचे की मला त्या बैलांचा हेवा वाटायचा. ते करून ते आत आले तेव्हा आई चुलीपुढे पुरणाची डाळ घोटत होती. बाबा तिच्याशेजारी क्षणभर थांबले. मला स्पष्ट आठवतं, थांबले. मग म्हणाले, "गूळ कमी नोको पडू देऊ," आणि ओसरीवर गेले.

"नाही निवडला त्याईनं," आई मला म्हणाली. "निवडला असता तं ह्या मानसाच्या तोंडावर काईतरी दिसलं असतं." बाबांच्या तोंडावर काही दिसतं, असं तिला इतक्या वर्षांच्या संसारानंतरही वाटत होतं.

पोळा जोरात झाला. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या, चढाओढीने म्हणायच्या गाण्यांच्या झडत्यांवर झडत्या झाल्या, पोळा फुटल्यावर घरोघर बैलांना ओवाळणं, पुरणपोळी, वडे. बाबा तोरणापाशी मानकरी म्हणून अडकलेले. उन्हं उतरल्यावर आईने ताटात पोळ्या घेतल्या, एका वाटीत घरच्या बैलांसाठी कालवलेला उरलासुरला गेरू घेतला आणि मला म्हणाली, "चाल वं. उद्या त्याले चिमटा लागन. आज तरी त्याले गोड खाऊ घालू." आम्ही मारुतीमागच्या कोठ्याकडे गेलो. मालकांनी जायचं नाही हा नियम होता, पण मालक बाबा होते, आई नव्हती. तेवढा कायदा आईलाही येत होता.

कोठ्यात गोऱ्हे ओळीने बांधलेले. आईने एकेकाच्या तोंडात पोळी घातली, अगदी देवरावकाकांच्या गोऱ्ह्यालाही. मग ती पारव्यापाशी थांबली आणि तिचा चेहरा उतरला. "पाह्य," ती म्हणाली. "साऱ्याईच्या शिंगाले गेरू हाये. आपल्याच लेकराले कोनं बोट लावलं नाही." तिला वाटलं, गावातल्या पोरांनी सणाचं म्हणून रंगवले असतील आणि अध्यक्षाचा गोऱ्हा म्हणून, किंवा बैठकांचा राग म्हणून, पारव्याला तेवढं वगळलं. पोळ्याला आमच्याकडे कोरं जनावर ठेवत नाहीत. लंगडं असो, म्हातारं असो, दुसऱ्याचं असो, शिंगाला रंग लागतोच. आईने वाटीत बोटं बुडवली आणि पारव्याच्या दोन्ही शिंगांना बुडापासून पट्टा ओढला. मी ताट धरून उभी होते. तो शांत उभा राहिला, तिच्या कोपराला नाक घासत. "असं," आई म्हणाली, "आता कसा दिसून राह्यला." मला यात आईची चूक आजही दिसत नाही. आता गाईगुरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर नंबर असतो, तो कोणाच्या मायेने पुसला जात नाही. तो बिल्ला दिसला की मी मान फिरवते.

करीच्या दिवशी चिमटेवाला बरोबर आठला आला, ही त्याची चूक. संघाचे आठ म्हणजे दहा, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्याबरोबर त्याचे दोन गडी होते, बाहेरगावचे, पारवा कोणता हे न ओळखणारे. गेरू असेल त्याला चिमटा, असं त्याला सांगितलेलं होतं. सगळ्यांना गेरू होता. सत्तारभाई जरा लवकर म्हणून नवाला पोचले तेव्हा तो हात धुऊन चहाची वाट बघत बसला होता.

आम्ही घरी होतो. आई शिळ्या पोळ्या तव्यावर गरम करत होती, बाबा ओसरीवर सभेची तयारी करत होते. सत्तारभाई दारातून आत आले ते सरळ चुलीपर्यंत. एरवी ते ओसरीच्या खांबापुढे कधी आले नव्हते. "भाभी," ते म्हणाले, "पारव्याच्या शिंगाले गेरू कोनं लावला?"

"म्या लावला. काहून?"

सत्तारभाई खाली बसले. बाबा उठून आत आले होते. सत्तारभाई त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "त्याले निवडला होता, भाभी. कोरा होता तोच वळू होता."

तव्यावरची पोळी करपायला लागली. मी ती काढली. आईने बाबांना विचारलं, "तुमाले मालूम होतं?"

"सभेत वाचाचं होतं," बाबा म्हणाले. "तोवर कोनाले सांगाचं नाही असं ठरलं होतं."

"मालूम होतं?"

"होतं."

"अन् तुमी माह्या हातचं जेवले." आईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "रोज जेवले. म्या वाढलं, तुमी खाल्लं, ताट माह्यापुढं सरकवलं. अन् सांगतलं नाही."

मग मात्र मी बोलले. जे जे त्या वर्षभरात कांद्याबरोबर गिळलं होतं ते सगळं बोलले. बाबांना मी स्वार्थी म्हटलं, आपलं नाव राखण्यासाठी आईचं माहेर बुडवलं म्हटलं. बाबांनी लेखी दे म्हटलं नाही. ते खांबाला धरून उभे राहिले, आणि म्हणाले, "मी राजीनामा देतो."

"देऊ नोका," आई म्हणाली. "तिथंच बसा. घरी बसून माह्याकडं पाहत राहान, ते मले सोसनार नाही."

सभा दोन दिवसांनी मारुतीच्या पारावर झाली. सगळ्यांना सगळं कळलेलं होतं, त्यामुळे कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बातम्या झाल्या नाहीत. निवडीचा ठराव आला तेव्हा देवरावकाकाच म्हणाले, "राहू द्या, गोविंदभाऊ. कायले वाचता आता?" त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे पुढचे सगळे भजे माफ केले.

"मंजूर झालेला हाये," बाबा म्हणाले. "वाचा लागते."

मला वाटलं, आता उठावं आणि तो कागद त्यांच्या हातातून ओढून फाडावा. आई माझ्या शेजारी उभी होती. संघाच्या सभेला ती पहिल्यांदाच आली होती. पाराच्या कडेला, पदर डोक्यावर घेऊन. बाबांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि एकसुरी आवाजात वाचायला लागले. नाव पारवा. रंग पांढरा, नाक काळं, खूर काळे, शिंगं मागे वळलेली. लक्षणांत कोणतीही खोट नाही. आई हरणी. हरणीची आई कपिला. कपिलेची आई रिठदच्या नारायणरावांच्या दावणीची. या घराण्याचा गोऱ्हा संघाचा वळू म्हणून पंचकमिटीकडून एकमताने निवडण्यात येत आहे.

बाबांनी कागद घडी करायला घेतला.

"परत वाचा," आई म्हणाली.

पारावर सगळ्यांच्या माना वर झाल्या. कोणीतरी खाकरलं. बाबांनी आईकडे बघितलं, आणि त्या दिवशी त्यांच्या तोंडावर काहीतरी दिसलं. त्यांनी घडी उलगडली आणि पहिल्यापासून परत वाचलं. रिठदची ओळ त्यांनी, कोणी न सांगता, तिसऱ्यांदा वाचली.